किवी बूट पॉलिश : डबीवरचा पक्षी आणि एका देशाचे टोपणनाव

न्यूझीलंडचे नागरिकत्व स्वीकारण्याच्या समारंभाचे निमंत्रणपत्र हाती आले, तेव्हा घरात पहिली चर्चा झाली ती कपड्यांची आणि दुसरी बुटांची. माझ्याकडे काळ्या, गुळगुळीत चामड्याचा एक जुना जोड आहे. वर्षातून चार-पाच वेळाच पायात जात असल्यामुळे त्याच्यावर निस्तेज करडी झाक चढली होती आणि चवड्याजवळच्या घड्यांमध्ये चामडे कोरडे पडले होते. त्यासाठी किवी पॉलिशची काळी डबी आणली. समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मागच्या दारी पायरीवर बसून मी बूट घासत असताना शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. ते सैन्यातून निवृत्त झालेले आहेत आणि वय ऐंशीच्या पुढे आहे. डबीकडे बघून ते म्हणाले, ‘‘उद्या तू किवी होणार आणि आज किवीच लावतो आहेस, हे चांगले जुळून आले.’’ त्यांच्या त्या एका वाक्यामुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले, कारण या डबीच्या झाकणावर जो पक्षी आहे, त्याच्या नावाने एक संपूर्ण देश स्वतःला हाक मारतो, आणि त्या हाकेच्या प्रवासात या डबीचाही वाटा आहे.

प्रथम वस्तूबद्दल. डबी पत्र्याची, गोल आणि तळहातात मावेल एवढी आहे. तिच्या कडेला पत्र्याची एक लहान चावी बसवलेली असते. ती अंगठ्याने फिरवली की झाकण एका बाजूने अलगद उचलले जाते. नखाने झाकण उपसण्याचा प्रयत्न ज्यांनी इतर डब्यांवर केला असेल, त्यांना या छोट्याशा सोयीचे मोल लगेच कळेल. आत घट्ट, गुळगुळीत, काळाभोर लेप असतो आणि झाकण उघडताक्षणी मेण व खनिज द्रावक यांचा तो परिचित वास येतो. या पॉलिशचे काम समजण्यास सोपे आहे : मेण, रंगद्रव्य आणि मेणाला मऊ ठेवणारे द्रावक यांचे हे मिश्रण असते, चामड्यावर पातळ थर लावला की द्रावक उडून जाते, रंग व मेण मागे राहतात, आणि त्या मेणाला ब्रशाने किंवा फडक्याने घासले की त्याचा पृष्ठभाग सपाट होऊन उजेड परतवू लागतो. चकाकी ही अशी घासण्याने येते, लावण्याने येत नाही. हे ज्याला उमगत नाही, तो थरावर थर चढवत बसतो आणि शेवटी बुटावर चिकट, धूळ धरणारे साय आल्यासारखे आवरण तयार होते.

माझीही पहिल्या दिवशी नेमकी हीच चूक झाली. ती शेजारच्या आजोबांनी पाहिली आणि घरात जाऊन ते स्वतःचा घोड्याच्या केसांचा ब्रश व जुन्या सुती बनियनाचा तुकडा घेऊन आले. त्यांनी दाखवलेली रीत अशी : आधी ओलसर फडक्याने बूट पुसून पूर्ण वाळू द्यायचा, मग फडके तर्जनीभोवती घट्ट गुंडाळून, त्याला सुरकुती राहणार नाही अशा बेताने मूठ आवळायची, डबीवरून बोट नुसते फिरवायचे, खुपसायचे नाही, आणि रुपयाएवढ्या लहान गोलांमध्ये पॉलिश चामड्यात जिरवायचे. दहा मिनिटे थांबून ब्रशाने झटके द्यायचे. येथवर रोजच्या वापरापुरते काम होते. परंतु आरशासारखी चकाकी हवी असेल, तर त्यानंतर फडक्यावर पाण्याचा एक थेंब आणि पॉलिशचा अगदी नावापुरता लेप घेऊन पुन्हा तेच लहान गोल, पुन्हा थेंब, पुन्हा लेप, असे पाच-सहा वेळा करावे लागते. पाण्यामुळे मेण फडक्याला चिकटत नाही आणि आधीच्या थरावर नवा थर ओरखडा न उमटता बसतो. ही चकाकी फक्त बुटाच्या टोकाला आणि टाचेला आणायची, कारण चालताना जेथे चामडे दुमडते तेथे मेणाचा कडक थर तडकतो. सैन्यातली ही पद्धत आहे आणि तिला शॉर्टकट नाही, असे आजोबांनी बजावले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघे एकेक बूट घेऊन बसलो होतो. शेवटी त्यांच्या हातातील बुटाच्या टोकात परसातल्या दिव्याचा गोळा स्पष्ट दिसू लागला, माझ्या हातातील बुटात तो नुसता पसरट उजेड होता.

ही डबी न्यूझीलंडमध्ये जन्मलेली नाही, हे येथे राहणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. तिचा जन्म ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचा. विल्यम रॅमसे हे मूळचे स्कॉटलंडचे. १८६८ मध्ये ग्लासगो येथे जन्मलेला हा मुलगा आईवडिलांबरोबर लहानपणीच मेलबर्नला आला. पुढे त्यांचा विवाह न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओअमारू या गावच्या ॲनी एलिझाबेथ मीक यांच्याशी झाला. मेलबर्नमध्ये हॅमिल्टन मॅककेलन यांच्या भागीदारीत त्यांनी एक लहान कारखाना काढला आणि १९०६ मध्ये आपले बूट पॉलिश बाजारात आणले. नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी पत्नीच्या देशातील पक्ष्याचे नाव निवडले. दोन अक्षरी, कोणत्याही भाषेत सहज उच्चारता येणारे आणि झाकणावर चित्ररूपाने ओळखता येणारे हे नाव व्यापाराच्या दृष्टीनेही उत्तम होते; तरीही एका नवऱ्याने आपल्या बायकोच्या माहेरची खूण डबीवर छापली, हा त्या नावामागचा भाग मला अधिक जवळचा वाटतो. १९०८ मध्ये त्यांनी गडद तपकिरी रंगाचे पॉलिश आणले. आधीची बहुतेक पॉलिशे चामड्यावर नुसती चमक चढवत असत, तर यात चामडे मऊ ठेवण्याचे, पाणी रोखण्याचे आणि उडालेला रंग परत आणण्याचे गुण एकत्र आले होते. ज्यांच्या पायातले बूट चिखलात आणि पावसात दिवसच्या दिवस राहतात, अशा लोकांच्या हे फार उपयोगाचे होते, आणि असे लोक लवकरच लक्षावधींच्या संख्येने तयार होणार होते. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. त्याच वर्षी रॅमसे कर्करोगाने वारले. आपल्या डबीचे पुढे काय झाले, हे पाहायला ते राहिले नाहीत.

ब्रिटिश साम्राज्याच्या आणि पुढे अमेरिकेच्या सैनिकांच्या सामानात ही डबी गेली. याच युद्धाच्या काळात न्यूझीलंडच्या सैनिकांना ‘किवी’ म्हणण्याची रीत पडली. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की एक सरळ, आकर्षक गोष्ट तयार होते : पॉलिशवरून सैनिकांना नाव पडले आणि सैनिकांवरून देशाला. ही गोष्ट अनेक ठिकाणी अशीच सांगितली जाते. मला ती जशीच्या तशी मान्य नाही, आणि डबीचे कौतुक असूनही तिला नसलेले श्रेय देणे योग्य होणार नाही.

कारण हा पक्षी पॉलिशच्या आधीपासून देशाची खूण म्हणून मिरवत होता. १८८६ मध्ये साउथ कँटरबरी बटालियनच्या चिन्हावर किवी आला आणि पुढच्या वर्षी हेस्टिंग्ज रायफल व्हॉलंटियर्सनी तो घेतला. त्यानंतर अनेक पलटणींच्या बिल्ल्यांवर तो दिसू लागला. १८९८ च्या चित्रमय टपाल तिकिटांच्या मालिकेत सहा पेनींच्या तिकिटावर किवी होता. १९०४ मध्ये ब्रिटनच्या रग्बी संघाला न्यूझीलंडने ९-३ असे हरवले, तेव्हा ‘न्यूझीलंड फ्री लान्स’ या साप्ताहिकातील व्यंगचित्रात एक चिमुकला, धीट किवी वाढत वाढत प्रचंड मोआ होतो, असे दाखवले होते. मेलबर्नमध्ये पहिली डबी भरली गेली तेव्हा व्यंगचित्रकारांच्या हाती हा पक्षी आधीच देशाचा प्रतिनिधी म्हणून आला होता, हे यावरून स्पष्ट होते.

मोआचा हा उल्लेख थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. मोआ हा न्यूझीलंडचाच, पण माणसाहून उंच असा, उडता न येणारा पक्षी. माणसांच्या शिकारीमुळे तो काही शतकांपूर्वी नामशेष झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी देशाचे चित्र काढताना मोआ, किवी, सिंहाचा छावा आणि नेच्याचे पान या साऱ्यांची आळीपाळीने योजना होत असे. देशाचा पराक्रम दाखवायचा असेल तर मोआ काढावा, असे चित्रकारांना वाटणे स्वाभाविक होते. पण सैनिक स्वतःला ज्या नावाने हाक मारतील ते नाव थोरपणाचे असून चालत नाही. ते तोंडात बसणारे, आपुलकीचे आणि जिवंत असावे लागते. किवी रात्री हिंडतो, लांब चोचीने पालापाचोळा उकरतो, चोचीच्या टोकाला असलेल्या नाकपुड्यांनी किडे हुंगून काढतो आणि संकट आले की पायाच्या बळावर लाथ मारतो. मादीचे अंडे तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढे असू शकते. खंदकात राहणाऱ्या माणसाला मोआपेक्षा हा पक्षी आपला वाटला असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

त्याआधी न्यूझीलंडच्या लोकांना काय म्हणत असत, हेही सांगायला हवे. देशाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘एन-झेडर’, तेथील मूळ रहिवासी असलेल्या माओरींची भूमी म्हणून ‘माओरीलँडर’, टोपीवरच्या व जर्सीवरच्या पानावरून ‘फर्नलीफ’, आणि कॅप्टन कुकने सोडलेल्या डुकरांची आठवण ठेवणारे ‘पिग आयलंडर’ अशी अनेक नावे चालत असत. युद्धात ‘डिगर’ हे नावही ऑस्ट्रेलियाच्या आणि न्यूझीलंडच्या सैनिकांनी एकत्र वापरले. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षाचा राळेसारखा डिंक जमिनीतून खणून काढणाऱ्यांना डिगर म्हणत, ऑस्ट्रेलियात सोने खणणाऱ्यांना. खंदक खणणाऱ्यांना ते सहज लागू पडले. पण सामाईक नावाची अडचण अशी की थोरल्या शेजाऱ्याकडे ते ओढले जाते. ‘डिगर’ पुढे ऑस्ट्रेलियन सैनिकाचे होऊन बसले आणि न्यूझीलंडच्या माणसाला स्वतःचे, कोणाशी वाटून घ्यावे न लागणारे नाव हवे होते. ‘किवी’ने ती जागा घेतली. ब्रिटिश हवाई दलात त्याच काळात जमिनीवर काम करणाऱ्या, विमान न चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनाही ‘किवी’ म्हणत असत. तो वापर खिजवण्याचा होता आणि कालांतराने मागे पडला. देशाच्या नावाला मात्र असा डंख कधीच नव्हता. हे नाव बाहेरच्यांनी दिलेले असो वा सैनिकांनी स्वतः घेतलेले, न्यूझीलंडच्या माणसाला ते ऐकून अपमान वाटत नाही, उलट तो स्वतःच ते आधी उच्चारतो. राष्ट्रांच्या टोपणनावांमध्ये ही गोष्ट सर्वत्र आढळत नाही.

मग पॉलिशचा वाटा कोणता? माझ्या मते तो नाव देण्याचा नसून नाव पसरवण्याचा आहे. ग्लासगोच्या किंवा कॅन्ससच्या सैनिकाने हा पक्षी कधी पाहिलेला नव्हता. त्याला बिल्ल्यावरचे चित्र कळण्यासाठी आधी तो पक्षी म्हणजे काय, हे ठाऊक असणे आवश्यक होते, आणि ते त्याला दररोज सकाळी बूट चमकवताना डबीच्या झाकणावरून कळत होते. शेजारच्या तंबूतील न्यूझीलंडच्या सैनिकाच्या कॉलरवर तेच चित्र दिसले की दोन्ही मिळून नाव पक्के होत असणार. डबीने दूरच्या देशांतील लोकांच्या डोळ्यांना एका अपरिचित पक्ष्याची सवय लावली, एवढे श्रेय तिला निश्चित देता येते आणि ते लहान नाही.

या नात्याची सर्वांत मोठी खूण इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यातील एका टेकडीवर आहे. सॉल्झबरी पठारावर बलफर्ड गावाजवळ स्लिंग कॅम्प नावाची न्यूझीलंडच्या सैन्याची छावणी होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले, पण घरी नेणारी जहाजे पुरेशी नव्हती. महिनोन्महिने वाट पाहून कंटाळलेल्या सैनिकांनी मार्च १९१९ मध्ये छावणीत दंगा केला. त्यांच्या हातांना काम मिळावे म्हणून अधिकाऱ्यांनी त्यांना छावणीमागच्या बीकन टेकडीच्या उतारावर एक प्रचंड किवी खोदायला लावले : वरची हिरवळ काढली की खालचा पांढरा खडू उघडा पडतो. चित्राचा आराखडा पर्सी ब्लेनकार्न या सैन्यातील चित्रकला-शिक्षकाने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील पेंढा भरलेल्या किवीवरून केला होता. हा किवी ४२० फूट लांबीचा आहे आणि त्याच्या चोचीखालील इंग्रजी ‘एन’ व ‘झेड’ ही अक्षरे प्रत्येकी ६५ फूट उंच आहेत. घरी जाण्यासाठी आसुसलेल्या माणसांनी परक्या जमिनीवर काढलेली ही सही आहे, असे मला तिचे छायाचित्र पाहताना प्रत्येक वेळी वाटते.

सैनिक परतल्यावर ती खोदाई गवताखाली बुजून गेली असती. ती राखली कोणी, तर किवी पॉलिश कंपनीने. तिने आपल्या खर्चाने तिची साफसफाई चालू ठेवली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना खूण मिळू नये म्हणून ती पालापाचोळ्याखाली झाकण्यात आली होती. युद्धानंतर ती पुन्हा उघडण्यात आली. १९६७ पर्यंत कंपनीने तिचा सांभाळ केला. पुढे काही वर्षे आबाळ झाल्यावर १९८० मध्ये ब्रिटिश सैन्याच्या तुकडीने तिचा जीर्णोद्धार केला आणि २०१७ पासून तिला कायद्याने संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. कंपनीला यात जाहिरात दिसली असेल, हे मी नाकारत नाही. परंतु जाहिरातीसाठी का होईना, परदेशातील सैनिकांची आठवण जवळजवळ अर्धशतक जपणे हे काम मला मोलाचे वाटते, आणि डबी हातात घेताना मला झाकणावरच्या पक्ष्यापेक्षा टेकडीवरचा तो पक्षी आधी आठवतो.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत नाव सैन्यापलीकडे गेले होते. १९४५-४६ मध्ये न्यूझीलंडच्या सैनिकांचा जो रग्बी संघ ब्रिटन व फ्रान्सच्या दौऱ्यावर गेला, तो ‘किवीज’ म्हणूनच ओळखला गेला. आज रग्बीच्या ‘लीग’ या प्रकारातील राष्ट्रीय संघाचे ते अधिकृत नाव आहे. रग्बीच्या ‘युनियन’ या दुसऱ्या प्रकारातील ‘ऑल ब्लॅक्स’ हा संघ निराळा, आणि या दोघांची गल्लत केलेली येथे खपत नाही. सरकारनेही हे टोपणनाव आपलेसे केले आहे. किवीबँक २००२ मध्ये सुरू झाली, निवृत्तीसाठीच्या बचतीची ‘किवीसेव्हर’ योजना २००७ मध्ये आली आणि २००८ मध्ये रेल्वे सरकारच्या ताब्यात परत आल्यावर तिचे नाव ‘किवीरेल’ झाले. किवीसेव्हर हा शब्द तर संसदेने केलेल्या कायद्याच्या शीर्षकातच आहे. चलनबाजारात न्यूझीलंडच्या डॉलरलाच ‘किवी’ म्हणतात आणि १९९१ मध्ये कागदी नोटेच्या जागी आलेल्या एक डॉलरच्या नाण्यावर हाच पक्षी उभा आहे. हवाई दलाच्या विमानांवरील वर्तुळातही, स्वतः उडत नसला तरी, तोच आहे.

फळाचा प्रश्न वेगळा आणि नाजूक आहे. ज्याला आपण ‘किवी’ म्हणून बाजारातून आणतो, ते फळ मूळचे चीनचे. इझाबेल फ्रेझर या मुख्याध्यापिकेने १९०४ मध्ये चीनमधील यीचांगहून त्याच्या बिया न्यूझीलंडमधील वांगानुईला आणल्या आणि तेथून त्याची लागवड पसरली. पन्नास वर्षांहून अधिक काळ ते ‘चिनी गुजबेरी’ या नावाने विकले जात होते. अमेरिकेला निर्यात करताना हे नाव अडचणीचे ठरू लागले. ‘मेलोनेट’ असे दुसरे नाव सुचले, पण टरबूज-खरबुजांवर तेथे आयातकर असल्यामुळे तेही सोडावे लागले. अखेर १९५९ मध्ये ऑकलंडच्या टर्नर्स अँड ग्रोअर्स या निर्यातदार कंपनीने ‘किवीफ्रूट’ हे नाव घेतले. म्हणजे पक्ष्यावरून माणसाला, आणि माणूस व पक्षी दोघांचे मिळून तयार झालेल्या ओळखीवरून फळाला नाव मिळाले. म्हणूनच येथे ‘मी सकाळी दोन किवी खाल्ले’ असे म्हटले की ऐकणारा दचकतो. शेजारच्या आजोबांनी मला पहिल्याच वर्षी प्रेमाने, पण ठामपणे सांगितले होते की खायचे ते ‘किवीफ्रूट’, ‘किवी’ आम्ही आहोत.

मराठीत लिहिताना या गुंत्याला आणखी एक पदर येतो. इंग्रजीत पक्षी लहान अक्षराने आणि माणूस मोठ्या अक्षराने लिहिला की भेद दिसतो. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही. आपल्याला तो भेद लिंगाने करावा लागतो : तो किवी म्हणजे पक्षी किंवा पुरुष, ते किवी म्हणजे फळ, आणि ती किवी म्हणजे येथली एखादी बाई किंवा माझ्या पायरीवरची ही डबी. अनेकवचनाच्या बाबतीत मात्र मराठी आणि माओरी यांचे छान जमते. माओरी नामाला इंग्रजीप्रमाणे शेवटी ‘स’ लागत नाही, आणि आपल्याकडेही एक पक्षी, पाच पक्षी. त्यामुळे ‘रानात पाच किवी दिसले’ हे वाक्य मराठीत जसे बरोबर आहे तसेच ते त्या शब्दाच्या मूळ भाषेच्या वळणालाही धरून आहे. किवी हा शब्दच मुळात माओरी, नराच्या शिट्टीसारख्या हाकेवरून पडलेला. या पक्ष्याच्या पिसांचे झगे माओरी समाजात मोठ्या मानाचे मानले जातात. आज सर्वांनी मिरवायच्या या नावाचा उगम कोणाच्या भाषेत आहे, हे ते वापरणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः माझ्यासारख्या नव्याने आलेल्याने, लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

समारंभाच्या दिवशी महापौरांसमोर शपथ घेताना मी हा शब्द कान देऊन शोधत होतो. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत किमान १,३५० दिवस आणि प्रत्येक वर्षी किमान २४० दिवस या देशात राहावे लागते; ते दिवस मोजून येथवर आलेली शंभरएक माणसे त्या सभागृहात होती. शपथेत राजे चार्ल्स तिसरे यांच्याशी निष्ठा होती, न्यूझीलंडचे कायदे पाळण्याचे वचन होते. प्रमाणपत्रावर ‘न्यूझीलंडचा नागरिक’ असे होते. ‘किवी’ हा शब्द दोन्हींत कोठेही नव्हता. राष्ट्रगीत आधी माओरीत आणि मग इंग्रजीत झाले, आम्ही बाहेर आलो, आणि फाटकाशी थांबलेल्या एका अनोळखी बाईंनी माझ्या मुलीला विचारले, ‘‘काय, झालात ना किवी?’’ कायद्याने दिलेले नाव आत मिळाले होते, हे दुसरे नाव बाहेर मिळाले.

डबीविषयी निवाडा द्यायचा तर तो असा. गुळगुळीत चामड्याचे बूट असतील आणि अर्धा तास बसण्याची तयारी असेल, तर हे पॉलिश घ्यावे. स्वेड व नुबक या मखमली पृष्ठभागाच्या चामड्याच्या किंवा कापडी बुटांना ते लावू नये. द्रावक ज्वलनशील असते म्हणून विस्तवाजवळ वापरू नये आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हे पथ्य मेणाच्या कोणत्याही पॉलिशला लागू आहे. लगेच पुसून निघायचे असेल, तर स्पंज बसवलेली तयार द्रव पॉलिशे मिळतात. त्यांची चमक तत्काळ येते, पण चामड्यात मेण जिरवण्याचे काम ती या डबीसारखे करत नाहीत. कंपनीचे मालक मधल्या काळात बदलत गेले. १९८४ मध्ये ती पुढे ‘सारा ली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या अमेरिकी उद्योगसमूहाकडे आणि २०११ मध्ये एस. सी. जॉन्सन यांच्याकडे गेली. लोक चामडी बूट कमी घालू लागल्यामुळे ब्रिटनमधील विक्री थांबवण्याचा निर्णयही काही वर्षांपूर्वी झाला. ज्या देशातील टेकडीवर या कंपनीने अर्धशतक एक किवी जपला, त्याच देशातील दुकानांतून ही डबी गेली, याचे मला वाईट वाटते.

झाकण दर वेळी घट्ट लावावे, नाहीतर द्रावक उडून लेपाला भेगा पडतात आणि तो खपल्यांनी निघू लागतो. माझ्या डबीच्या मध्यभागी आता तळाचा पत्रा रुपयाएवढा दिसू लागला आहे, पण कडेने अजून पुष्कळ शिल्लक आहे. २५ एप्रिलच्या पहाटे अँझॅक दिनाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या संचलनाला आजोबा जातात. संधिवातामुळे त्यांच्या बोटांना आता ते लहान गोल फिरवणे जमत नाही, म्हणून या वर्षी त्यांचे बूट मी करायचे असे ठरले आहे. ब्रश त्यांचा आणि डबी माझी.